इनाम, मिशनचा पगार आणि दशांश

धर्मस्थानाचा खर्च कोण उचलतो, यावरून त्याचा कारभार कोणाच्या हाती राहणार हे बहुधा ठरतं. पवनेच्या काठी याचा सर्वांत ठळक दाखला चिंचवडच्या देवस्थानाचा आहे. मोरया गोसावींच्या या स्थानाला मोगलांनी, मराठ्यांनी आणि पेशव्यांनी इनामं दिली, आणि त्या इनामांबरोबर दरबाराशी जुळवून घेण्याची गरजही आली. १८५२ नंतर इंग्रजांच्या इनाम कमिशनने सनदा तपासायला घेतल्या, तेव्हा या मुलखातल्या इनामदारांना आपले हक्क नव्याने सिद्ध करावे लागले. ख्रिस्ती देवळांची सुरुवातही अशीच राजाश्रयाने झाली. पुण्याच्या नाना पेठेतलं सिटी चर्च १७९२ मध्ये उभं राहिलं ते सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर, पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. लष्कर भागातलं सेंट मेरीज १८२५ चं. तिथे येणाऱ्या गोऱ्या सैनिकांच्या पाद्र्याचा पगार कंपनी सरकारच्या तिजोरीतून निघे. यांपैकी कुठेही उपासकाला आपल्या पाळकाचं पोट भरावं लागत नव्हतं. म्हणून कारभारात त्याला विचारलंही जात नव्हतं.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास यापेक्षा वेगळा व्हावा, अशी निदान इच्छा तरी होती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं केलं. १८५४-५५ मध्ये त्या मिशनच्या पालक संस्थेचे चिटणीस रुफस अँडरसन हिंदुस्थानात आले. मंडळीने स्वतःचा कारभार पाहावा, स्वतःचा खर्च भागवावा आणि सुवार्ता स्वतः पसरवावी, हा त्यांचा आग्रह होता. हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती याच सुमारास. पण तत्त्व आणि गाव यांच्यात मोठं अंतर होतं. नगर-जालन्याच्या खेड्यांत मंडळीत आलेले बहुतेक जण महार-मांग समाजांतले होते. त्यांचं उत्पन्न बलुत्याचं आणि मजुरीचं, रोकड क्वचितच हाती येणारी, त्यातच १८७६-७८ आणि १८९६-१९०० चे दुष्काळ. शाळा आणि उपासना दोन्ही सांभाळणाऱ्या मास्तरांचा पगार मिशन देई, आणि रविवारच्या अर्पणात रोख पडे ती बऱ्याच अंशी त्याच पगारातली. म्हणजे मिशनचा पैसा मिशनकडेच फिरून येत होता. खऱ्या अर्थाने मंडळीचं असं जे दान होतं ते कापणीच्या सणाला दिसे: ज्वारीची पेंडी, शेंगा, अंडी, एखादी कोंबडी वेदीसमोर ठेवायची आणि मग मंडळीतच तिचा लिलाव करायचा. वार्षिक अहवालातल्या रुपयांच्या रकान्यापेक्षा या लिलावाचं मोल मला अधिक वाटतं. घरात जे पिकलं त्यातलं हे दान होतं.

मिशनच्या पगारावरचं हे अवलंबन दोन मराठी माणसांना फार खुपलं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी मदतीचं वचन दिलं होतं. ती मुदत संपल्यावर केडगावच्या मुक्ती मिशनचा संसार त्यांनी ठरलेल्या मदतीवाचून, प्रार्थनेवर आणि हातच्या कामावर चालवला. तिथे शेती होती, छापखाना होता. तरी पुष्कळ पैसा परदेशी दात्यांकडूनच येत राहिला. रमाबाईंनी पराकोटीचा विश्वास दाखवला; गावच्या मंडळीने आपला भार आपण उचलायचा प्रश्न मात्र तसाच राहिला. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज मांडला. पाऊल धैर्याचं होतं, पण ते मान्यता पावलेल्या कवीला झेपण्यासारखं होतं. ज्याच्या घरी दुसरं उत्पन्नच नाही, त्या खेड्यातल्या मास्तराने काय सोडायचं?

माझं म्हणणं असं की या प्रश्नाचं उत्तर धर्मसभांच्या ठरावांपेक्षा कारखान्यांच्या पगारपत्रकाने दिलं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी आली, याच काळात टेल्को आणि आकुर्डीचा बजाजही. नगर, जालना, सोलापूरकडून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत प्रथमच असा मोठा वर्ग तयार झाला, ज्याचा पगार मिशनचा नव्हता आणि जो दरमहा ठरल्या तारखेला येत होता. केरळहून आलेल्या सुरियानी ख्रिस्ती कामगारांनी वर्गणी आणि सर्वसाधारण सभेची जुनी शिस्त आपल्याबरोबर आणली. पौलाने करिंथकरांना दिलेला, आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवण्याचा सल्ला पावसावर जगणाऱ्या शेतमजुराला पाळणं कठीण होतं; पगारी कामगाराला ते सहज जमण्यासारखं झालं. १९७० च्या मार्चमध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. नवं शहर आणि आपल्या पायावर उभं राहू पाहणारी मंडळी एकाच काळात घडत होती.

मंडळीचा भार मंडळीनेच उचलायचा, तर पगारी सभासदाने मिळकतीचा दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, नेमाने द्यावा असं मला वाटतं. यावर पहिला आक्षेप शास्त्राचा आहे. दशांश हा मोशेच्या नियमशास्त्राचा भाग, कृपेखाली आलेल्या विश्वासणाऱ्यावर तो का लादायचा? आक्षेप खरा आहे. नव्या करारात टक्का ठरवलेला नाही, स्वखुशीने देण्यावर भर आहे. म्हणूनच मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाचा धाक दाखवून, किंवा दिलंत तर दुप्पट मिळेल असं आमिष दाखवून पैसे गोळा करणं हे सुवार्तेशी बेइमानी करणं आहे, असं मी मानतो. पण सक्ती नाही म्हणून शिस्तही नको, असं होत नाही. ज्याला आपली मिळकत देवाची ठेव वाटते, त्याला दहावा हिस्सा ही सुरुवातीची सोयीची खूण आहे, एवढंच. दुसरा आक्षेप गरिबीचा, आणि तो आज चाकणमध्ये जास्त टोकदार झाला आहे. २००९ मध्ये तिथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, इतर मोठ्या कंपन्याही आल्या. पण या पट्ट्यातली अनेक तरुण मुलं ठेकेदाराकडे, महिनोन्‌महिन्यांच्या करारावर राबतात. खोलीचं भाडं आणि गावी पाठवायचे पैसे वजा जाता ज्याच्याकडे काही उरत नाही, त्याच्याकडून दशांश मागणं अन्याय आहे. येशूने विधवेच्या दोन टोल्यांची थोरवी सांगितली, पण त्याच्या आधीच्याच ओळींत विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना त्याने दोष दिला आहे. प्रवचनात पहिला भाग येतो, दुसरा राहून जातो. काम सुटलेल्या सभासदाला मंडळीच्या निधीतून आधार मिळत असेल, तरच त्याच्याकडून अर्पणाची अपेक्षा करण्याचा अधिकार मंडळीला पोचतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: स्थानिक पैसा आला म्हणून कारभार स्वच्छ झाला का? आपोआप तर नाहीच. मिशनने मागे ठेवलेल्या जमिनींवरून महाराष्ट्रातल्या अनेक मंडळ्या वर्षानुवर्षं कोर्टात झगडत आहेत, आणि त्या भांडणांत सामान्य सभासद बहुतेक वेळा बघ्याच असतो. याचं कारण जुनंच आहे: ती मालमत्ता त्याच्या घामाची नव्हती, तिचा हिशेब मागण्याची सवयही त्याला लागली नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने नोंदणीकृत न्यासांना हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं बंधनकारक केलं. परदेशी देणग्यांवर १९७६ मध्ये कायदा आला आणि २०१० व २०२० मध्ये तो अधिक कडक झाला. परदेशी मदतीचा ओघ आटणं हे संकट आहे असं अनेक पाळक म्हणतात. वसतिगृहं आणि दवाखाने चालवणाऱ्यांपुरतं ते खरंही आहे. पण रविवारच्या उपासनेचा, पाळकाच्या मानधनाचा आणि छपराच्या डागडुजीचा खर्च थेरगाव-भोसरीच्या कामगारांनी उचलावा यात संकट कसलं? अँडरसन जे मागत होते ते हेच. मात्र कारभारी तोच, जो धन्याला हिशेब देतो. म्हणून मंडळीच्या पंचांनी जमाखर्च वर्षातून एकदा घाईने वाचून दाखवू नये. तो दर महिन्याला फलकावर लावावा, आणि अर्पणाचं पाकीट टाकणाऱ्या प्रत्येकाने तो उभं राहून वाचावा, अडलं तर विचारावं.