वाळवण आणि छापील कृती

मराठी पाकशास्त्राचा छापील इतिहास सहसा १८७५ च्या ‘सूपशास्त्रा’पासून सांगितला जातो. त्याचे कर्ते रामचंद्र सखाराम गुप्ते, म्हणजे पुरुष. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे, तर कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ‘रुचिरा’तल्या वाटी-चमच्याच्या मापाने मोठीच सोय झाली, पण वाळवणापाशी असे कोणतेही माप अडखळते. कुरडईचे गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, मग वाटून, गाळून चीक काढायचा. तो शिजला की नाही हे डोळ्यांनीच ठरते. आणि चैत्र-वैशाखाचे ऊन कोणत्या वाटीने मोजणार?

शिवाय छापील कृती एकट्या गृहिणीशी बोलते. वाळवण सहसा एकटीचे काम नसे. आज हिच्याकडे पापड, उद्या तिच्याकडे. पोळपाट-लाटणे जिचे तिने आणायचे. (लाट्या पळवणारी पोरे वेगळीच.) हे सामुदायिक श्रम कृतीच्या साच्यात मावले नाहीत. बाजारात मात्र त्यांना जागा मिळाली : १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली. वाळवणाच्या अभ्यासकाने ‘रुचिरा’शेजारी हाही व्यवहार वाचायला हवा.