नाहूरहून एका दिवसात : अंबरनाथचं शिवमंदिर आणि भायखळ्याचं संग्रहालय

बँकॉकला गेलेले पर्यटक एका दिवसात अयुथयाची मंदिरं आणि तिथलं संग्रहालय बघून परततात. तशीच सहल नाहूरहून लोकलनं होते. मंदिर आणि संग्रहालय, दोन्ही मध्य रेल्वेवरच आहेत.

सकाळी : अंबरनाथ

अंबरनाथ किंवा बदलापूर स्लो लोकल पकडा. ती नसेल तर ठाण्याला गाडी बदला. मंदिर अंबरनाथ पूर्वेला, वालधुनी नदीकाठी आहे. इथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060 हे साल आणि शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे.

काय बघाल?

हे भूमिज शैलीचं मंदिर आहे. या शैलीत छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत जातात. इथलं शिखर आज अर्धवट असलं तरी ती रचना ओळखता येते. गाभारा मंडपापेक्षा खोल आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघायला एक पूर्ण फेरी मारा. इथे आजही पूजा होते. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, त्यामुळे शिल्पं निवांत बघायची तर तो दिवस टाळा.

दुपारी : भायखळा

सीएसएमटीकडे जाणारी लोकल पकडून भायखळ्याला उतरा. पूर्वेला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते 1872 मध्ये सुरू झालं, तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. 1975 मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. संग्रहालय उभारण्यासाठी झटलेल्यांपैकी ते एक. पेशानं डॉक्टर, पण जुने शिलालेख वाचण्याचा ध्यास. अंबरनाथच्या शिलालेखाचाही त्यांनी अभ्यास केला होता.

दगडी हत्ती चुकवू नका

संग्रहालयाच्या आवारातला हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यामुळेच त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हणतात. इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न केला, त्यात तो मोडला. नंतर तुकडे जोडून इथे उभा केला.

अंबरनाथची शिल्पं मात्र जागेवरच आहेत, म्हणून कोणती मूर्ती कुठल्या भिंतीवर आणि कोणाशेजारी, हे आजही कळतं. हत्ती वाचला, पण त्याची जागा सुटली. फोटो जरूर काढा, पण शिल्पांना टेकू नका आणि हात लावू नका.

निघण्यापूर्वी

संग्रहालय बुधवारी बंद असतं. रविवारी निघणार असाल तर आधी मेगाब्लॉक तपासा.