चकव्याची गॅम्बिट : कलकत्ता ते घणसोली

गॅम्बिट म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच एखादे प्यादे, क्वचित मोहराही, जाणूनबुजून मारू देणे आणि त्या बदल्यात वेग, मोकळ्या पट्ट्या किंवा राजावरचा हल्ला पदरात पाडून घेणे. आवळा देऊन कोहळा काढण्याचाच हा प्रकार. वजिराच्या बाजूचे क्वीन्स गॅम्बिट कसोटीला पुरेपूर उतरते. जगज्जेतेपदाच्या लढतींत ते शंभर वर्षांहून अधिक काळ खेळले जात आहे. दुसरी एक जात मात्र अशी आहे की समोरच्याने नेमके उत्तर दिले तर आवळाही जातो आणि कोहळाही मिळत नाही. ऑनलाइन बुद्धिबळात हौसेने खेळली जातात ती बहुतेक याच दुसऱ्या जातीची.

महाराष्ट्रातल्या जुन्या देशी बुद्धिबळाला हा प्रकार फारसा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. देशी खेळात प्यादे सहसा एकेकच घर पुढे सरके, कॅसलिंग नसे, आणि राजाला एकदा घोड्याची उडी मारण्याची सवलत असे. दोन्ही फौजा समोरासमोर यायलाच बऱ्याच चाली लागत. अशा खेळात तिसऱ्या-चौथ्या चालीला प्यादे फेकून हल्ल्याला धावण्यात हशील नव्हते. खरी चुरस मध्यखेळात आणि शेवटी मात कशी करायची यात असे.

मुंबईत १८१४ मध्ये छापलेल्या एका पुस्तकावरून ही आवड स्पष्ट दिसते. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे ते इंग्रजी रूपांतर. खेळ युरोपीय नियमांनुसार घेतला असल्याचे मुखपृष्ठावरच सांगितले आहे. पण आत भर आहे तो पेचाच्या स्थितींवर: पटावर ठरावीक मोहरे मांडलेले, आणि त्यातून मात शोधायची. नियम परके स्वीकारले, तरी डावाची सुरुवात हा विषय लेखकाला महत्त्वाचा वाटलेला नाही.

गॅम्बिटशी भारताची गाठ पडली ती कलकत्त्यात. जॉन कॉक्रन हा स्कॉटिश बॅरिस्टर तिथे वकिली करत असे आणि त्याच्या काळातल्या बलाढ्य खेळाडूंत त्याची गणना होई. महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाशी त्याचे शेकडो डाव झाले. बॅनर्जींची खेळी देशी वळणाची होती. प्यादी एकेक घर सरकवायची, उंट कडेच्या लांब कर्णावर बसवायचा आणि वाट पाहायची. पुढे ज्यांना 'इंडियन' बचाव म्हटले गेले त्यांची पूर्वखूण या डावांत सापडते. पण १८४८ मधल्या एका डावात बॅनर्जींनी युरोपीय पद्धतीने पेट्रॉफ बचाव घेतला. दोघांची राजाची प्यादी दोन-दोन घरे पुढे आली, दोघांचे घोडे बाहेर पडले, आणि पांढऱ्याच्या घोड्याने ई-५ वरचे प्यादे मारले. काळ्याने डी-६ खेळून घोड्याला हुसकावले. घोडा मागे नेण्याऐवजी कॉक्रनने तो थेट एफ-७ वर आदळला. राजाने घोडा मारला. एका घोड्याच्या बदल्यात पांढऱ्याला दोन प्यादी मिळाली, आणि काळ्या राजाची कॅसलिंगची सोय कायमची गेली. हेच कॉक्रन गॅम्बिट. हिशेबात ते तोट्याचे धरले जाते, तरी १९९९ मध्ये लिनारेसच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर टोपालोव्हने क्रॅमनिकसारख्या बलाढ्य खेळाडूविरुद्ध ते खेळून डाव बरोबरीत सोडवला. फसवी गॅम्बिट म्हणजे नवशिक्यांचा उद्योग, हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे.

विसाव्या शतकात महाराष्ट्रात युरोपीय नियमांचा खेळ पक्का झाला. १९५५ मध्ये एलुरूला झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते होते. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडवले. राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या दशकातली सारी विजेतेपदे वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींकडेच राहिली. हे क्षेत्र किती लहान होते, ते यावरूनच कळते. तीच माणसे पुन्हा पुन्हा समोर यायची. क्लबात एखाद्याने सापळा लावून डाव मारला की संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांना पाठ होई, आणि पुढच्या रविवारी प्रतिस्पर्धी उत्तर घेऊनच बसे. त्यात तासन्‌तास चालणारे डाव. विचाराला वेळ असला की चकव्याचे तेज उतरते. टपालाने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात तर एका चालीला दिवस मिळत. तिथे असल्या गॅम्बिटची चिरफाडच होई.

ही दोन्ही बंधने इंटरनेटने काढून टाकली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्याच वर्षी इंटरनेट चेस क्लबही सुरू झाला. पण टेलिफोनच्या तारेवरून मिनिटाच्या हिशेबाने चालणाऱ्या जोडणीवर जलद डाव खेळणे म्हणजे खर्च आणि मनस्ताप दोन्ही. चेस डॉट कॉम २००७ मध्ये आणि लिचेस २०१० मध्ये आले, तरी खेळ बराचसा घरच्या संगणकापुरता राहिला. तो सर्रास खिशात आला तो ५ सप्टेंबर २०१६ नंतर. त्या दिवशी जिओची सेवा सुरू झाली आणि पुढचे काही महिने डेटा फुकट मिळाला. या सेवेचा कारभार चालतो नवी मुंबईतल्या घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून. बुद्धिबळाच्या इतिहासात घणसोलीचे नाव सहसा कोणी घेत नाही, घ्यायला हवे. ठाण्याहून वाशीला निघालेल्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उतरेपर्यंत तीन-तीन मिनिटांचे तीन-चार डाव सहज होतात, आणि दर डावाला प्रतिस्पर्धी नवा, बहुधा दुसऱ्याच देशातला. एकच सापळा रोज नव्या माणसाला लावता येतो.

या वातावरणात सर्वांत फोफावले ते स्टॅफर्ड गॅम्बिट. अमेरिकी इंटरनॅशनल मास्टर एरिक रोझेन याच्या चित्रफितींनी ते जगभर पोचवले. गंमत अशी की त्याची वाट कॉक्रन-बॅनर्जी डावाच्याच चौकात फुटते. पांढऱ्याच्या घोड्याने ई-५ वरचे प्यादे मारले की काळा डी-६ न खेळता आपला दुसरा घोडा सी-६ वर आणतो. पांढरा तो घोडा मारतो, काळा डी-पट्टीच्या प्याद्याने परत मारतो. काळ्याचे एक प्यादे कमी. बदल्यात वजिरासमोरची पट्टी मोकळी आणि दोन्ही उंटांना वाटा. आता पांढऱ्याने डी-३ खेळले, काळ्याने उंट सी-५ वर आणला, आणि पांढऱ्याला सुचते ती अगदी शाळेत शिकवलेली चाल: उंट जी-५ वर नेऊन काळ्या घोड्याला वजिरापुढे अडकवणे. इथेच डाव संपतो. काळा अडकलेल्या घोड्यानेच ई-४ वरचे प्यादे मारतो. पांढरा आनंदाने वजीर मारतो. मग काळा उंट एफ-२ वर शह देतो, राजाला ई-२ खेरीज घर उरत नाही, आणि दुसरा उंट जी-४ वर येऊन मात करतो. वजीर हातात, राजा जाळ्यात. घाईघाईने ई-५ खेळून घोडा हुसकावणाऱ्यासाठी वेगळा सापळा असतो; घोडा ई-४ वर बसतो, त्याला डी-३ ने डिवचले की उंट सी-५ वर येतो आणि घोडा मारणाऱ्याचा वजीर जातो.

स्टॅफर्डचे मर्म हेच आहे: त्यात चुकीच्या चाली दिसायला चांगल्या असतात. तीन मिनिटांच्या डावात माणूस हिशेब करत नाही, सवयीने खेळतो, आणि गॅम्बिट नेमके सवयीवर बोट ठेवते. २०२० च्या टाळेबंदीत विनोदवीर समय रैना आणि नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांच्या थेट प्रक्षेपणांनी हजारो नवे लोक या खेळाकडे वळले, तेव्हा असे सवयीने खेळणारे प्रतिस्पर्धी आणखी वाढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'द क्वीन्स गॅम्बिट' ही मालिका आली आणि गॅम्बिट हा शब्द बुद्धिबळ न खेळणाऱ्यांच्याही तोंडी बसला.

उतारा मात्र त्याच फोनमध्ये आहे. स्टॉकफिश हे मोफत इंजिन स्टॅफर्डमध्ये पांढऱ्याची आघाडी सुमारे दोन प्याद्यांइतकी दाखवते. डी-३ नंतर उंट ई-२ वर ठेवावा, जी-५ कडे फिरकू नये आणि मिळालेले प्यादे सांभाळून मोहरे निमूट बाहेर काढावेत. एवढ्यावर काळ्याचा हल्ला विरतो. दीर्घ वेळेच्या मानांकित स्पर्धेत म्हणूनच स्टॅफर्ड खेळण्यात शहाणपण नाही. तीन मिनिटांच्या डावात, नवख्या प्रतिस्पर्ध्यापुढे, ते आजही पैसे वसूल करून देते.