जात, जोड आणि ढाबळ



मागच्या व्याख्यानात आपण न्याय-वैशेषिकांच्या ‘सामान्य’ या पदार्थाबद्दल बोललो. गायी अनेक, गोत्व एक. गायी जन्मतात, मरतात, गोत्वाला मात्र जन्म नाही की मरण नाही. या सामान्यालाच आपल्या शास्त्रात ‘जाती’ असंही म्हणतात. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने मला जिन्यात गाठून विचारलं, “सर, ही जाती बनताना कधी कोणी पाहिली आहे का?” शास्त्राप्रमाणे उत्तर सोपं आहे: जी नित्य आहे ती बनेल कशी? पण हे उत्तर देऊन मी घरी गेलो आणि मलाच ते पुरेना. म्हणून आज मी तुम्हाला ग्रंथालयात नेणार नाही. कबुतरांच्या ढाबळीत नेणार आहे.

माझं लहानपण एका वाड्यात गेलं. मागच्या माडीवर पत्र्याची एक ढाबळ होती. ती शिंपीकाम करणाऱ्या एका गृहस्थांची. आम्ही मुलं त्यांना मामा म्हणायचो. सकाळी शिवणयंत्रावर बसण्याआधी मामा ज्वारी-बाजरी टाकायचे, पाणी बदलायचे, मग फडकं फिरवून थवा उडवायचे. त्यांच्याकडे पिसाऱ्याची लक्का कबुतरं होती. त्यांच्यावर त्यांचा फार जीव. एकदा एका लक्का मादीने बाहेरच्या साध्या नराशी घरोबा केला. पिल्लं मोठी झाली तेव्हा त्यांची शेपटी ना धड पिसारा, ना धड साधी. मी विचारलं, “मामा, यांची जात कोणती?” मामा हसले आणि म्हणाले, “जात राखावी लागते रे बाळा. आपली आपण राहत नाही ती.”

तेव्हा मला ते वाक्य विशेष वाटलं नाही. पुढे तीस-पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवल्यावर वाटू लागलं.

आता ही जात ‘राखायची’ म्हणजे काय करायचं, ते आधी पाहू. कबूतर जोडीने राहतं. मादी बहुधा दोन अंडी घालते. साधारण अठरा दिवस दोघं पाळीपाळीने उबवतात; दिवसाचा बराच वेळ नर बसतो, संध्याकाळपासून सकाळपर्यंत मादी. पिल्लांना पहिले काही दिवस आईबाप दोघंही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दाट दूध भरवतात. महिन्याभरात पिल्लू उडायला लागतं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे एकदा जमलेली जोडी सहसा मोडत नाही. पाळणारा आपल्या मनातला नर आणि मादी काही दिवस जाळीच्या दोन बाजूंना ठेवतो, दोघं घुमायला लागली की जाळी काढतो. याला जोड लावणं म्हणतात. जोड टिकते, म्हणून एकाच ढाबळीत वेगवेगळ्या जाती शेजारीशेजारी ठेवता येतात. कोंबड्यांच्या बाबतीत हे इतकं सोपं नाही. हा बारकावा लक्षात ठेवा. पुढे एका मोठ्या माणसाला तो फार उपयोगी पडणार आहे.

पण आधी थोडा इतिहास. बाबराचा बाप उमर शेख मिर्झा हा फरगाण्याचा राजा. अख्सीच्या किल्ल्यात दरीच्या काठावर त्याचा कबुतरखाना होता. 1494 मध्ये कडा ढासळला आणि कबुतरखान्यासकट राजा खाली गेला. अशा रीतीने कोवळ्या वयात बाबर गादीवर आला. हिंदुस्थानच्या इतिहासात कबुतरांचा शिरकाव हा असा!

या उमर शेखाचा पणतू म्हणजे अकबर. अबुल फजलाने ‘ऐन-इ-अकबरी’त दरबारच्या कबुतरांवर स्वतंत्र मजकूर लिहिला आहे. या छंदाला अकबर ‘इश्कबाजी’ म्हणायचा. दरबाराकडे वीस हजारांवर कबुतरं होती, त्यांतली पाचशे खास. मुक्काम हलला की तीही बरोबर हलत. हवेत गोल फेरी घेतली तर ‘चर्ख’, कोलांटी मारली तर ‘बाजी’, आणि या दोन्हींचा हिशोब ठेवला जाई. अबुल फजल आणखी एक गोष्ट नोंदवतो: बादशहाने वेगवेगळ्या जातींचा संकर करून कबुतरांत मोठी सुधारणा केली आणि हे आधी कोणी केलं नव्हतं. दरबारी लेखक आहे, त्यामुळे ‘आधी कोणी केलं नव्हतं’ हे तुम्ही थोडं सोडून द्या. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस आग्रा-फत्तेपूरला माणसं जाणूनबुजून जोड लावत होती, तिचा परिणाम पाहत होती आणि लिहून ठेवत होती, एवढं त्यातून नक्की कळतं.

अडीचशे वर्षांनी हाच मजकूर इंग्लंडमधल्या एका गृहस्थाने वाचला आणि आपल्या पुस्तकात घेतला. ते पुस्तक 1859 सालचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’, आणि ते गृहस्थ चार्ल्स डार्विन.

डार्विन म्हटलं की आपल्याला गालापागोस बेटं आठवतात. पण त्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात बेटं नाहीत, पाळीव प्राणी आहेत. आणि त्यांत सगळ्यांत जास्त जागा कबुतरांना आहे. 1855 मध्ये डार्विनने डाउन गावातल्या आपल्या घरी कबुतरखाना बांधून घेतला आणि मिळतील तेवढ्या जाती गोळा केल्या. मद्रासेत अधिकारी असलेल्या सर वॉल्टर एलियट यांनी त्याला इकडची कबुतरं पाठवली, कबुतरांवरच्या एका फारसी ग्रंथाचा अनुवादही मिळवून दिला. म्हणजे आपली लोटन-लक्काची मंडळी या इतिहासात साक्षीदार म्हणून हजर आहेत. 1856 मध्ये भूवैज्ञानिक लायेल डार्विनकडे आले, त्यांना त्याने कबुतरं दाखवली आणि आपली उपपत्ती सांगितली. ‘हे लवकर छापा’ असा सल्ला लायेलनी दिला. पुढे प्रकाशकाने एका संपादकाचं मत मागवलं, तर तो म्हणाला, लेखकाने फक्त कबुतरांवरच लिहावं. कबुतरं सगळ्यांना आवडतात! सुदैवाने हा सल्ला कोणी ऐकला नाही.

डार्विन नुसता घरी बसून राहिला नाही. लंडनमधल्या कबूतरवाल्यांच्या दोन मंडळांचा तो सभासद झाला. एक बड्या लोकांचं, दुसरं साध्या माणसांचं. एका संध्याकाळी तो बरो भागातल्या दारूच्या गुत्त्यात अशा मंडळींत जाऊन बसला. गप्पांत कोणीतरी सुचवलं की अमक्याने आपल्या गळाफुगव्या पाउटर कबुतरांचा आकार वाढवण्यासाठी त्यांच्यात रंट जातीचं रक्त घातलं आहे. त्यावर सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. केवढं पाप केलं या माणसाने! डार्विनने हा प्रसंग पत्रात गमतीने लिहिला आहे. मला तो वाचताना आपल्याकडच्या लग्नांच्या बैठका आठवल्या.

आता मुद्द्यावर येऊ. या कबूतरवाल्यांकडून डार्विन दोन गोष्टी शिकला. पहिली त्यांना माहीत होती, दुसरी नव्हती.

पहिली गोष्ट अशी की कोणतीही दोन पिल्लं अगदी सारखी नसतात. तुम्हाआम्हाला लक्का म्हणजे लक्का. पाळणाऱ्याच्या नजरेला या पिल्लात एक पीस जास्त, त्याची मान थोडी मागे, हे दिसतं. साध्या कबुतराच्या शेपटीत बारा ते चौदा मोठी पिसं असतात. उत्तम लक्काच्या शेपटीत तीस, कधी चाळीस. पण कोणी एका रात्रीत चाळीस पिसांचं कबूतर निर्माण केलेलं नाही. कधीतरी कोणाच्या तरी ढाबळीत थोडी जास्त फुललेली शेपटी दिसली, त्याने तेवढंच पिल्लू ठेवलं, आणि हे शेकडो पिढ्या चाललं.

दुसरी गोष्ट खरी गंमतीची. डार्विन म्हणतो, मला असा एकही जाणकार भेटला नाही की ज्याला आपली जात एका वेगळ्या मूळ रानपक्ष्यापासून आली असं वाटत नव्हतं. कॅरिअरवाला म्हणणार, कॅरिअर मुळातच वेगळा. टंबलरवाला म्हणणार, टंबलर मुळातच वेगळा. बघा हं, हीच माणसं रोज सकाळी बारीकसा फरक निवडत होती, साठवत होती. फरक साठत जाऊन जात बनते, एवढी एकच बेरीज त्यांनी केली नाही. आपण जे हाताने करतो आहोत, ते मुळापासून तसंच आहे, अशी त्यांची श्रद्धा होती.

डार्विनने मग प्रयोग केला. जोड टिकण्याचा तो गुण इथे कामाला आला. पांढरी शुभ्र लक्का आणि काळीभोर बार्ब अशा जोड्या लावल्या. पिल्लं मिश्र, तपकिरी-काळी झाली. त्यांची पुन्हा आपसांत जोड लावली. आणि नातवंडांत एक पिल्लू निघालं निळसर राखाडी! कमरेवर पांढरं, पंखांवर दोन काळे पट्टे, शेपटीच्या टोकाशी आडवा पट्टा. हा सगळा वेष रानातल्या पारव्याचा. आपल्याकडच्या पारव्याची कमर राखाडी असते, युरोपातल्याची पांढरी. बाकी तोच पक्षी, जो तुमच्या खिडकीबाहेर घुमतो. पांढऱ्यात निळा नव्हता, काळ्यातही निळा नव्हता. मग नातवात आला कुठून? दोघांच्या सामाईक पूर्वजाकडून. सगळ्या जाती एकाच पारव्याच्या.

2013 साली कबुतरांच्या जनुकसंचाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच निघालं. शिवाय एक नवी गोष्ट कळली. अनेक जातींच्या डोक्यावर पिसांचा तुरा असतो. तो तुरा एकाच जनुकातल्या एकाच बदलाने येतो. म्हणजे तो बदल एकदा घडला आणि संकरातून जातीजातींत फिरला. गुत्त्यातल्या मंडळींनी माना कितीही हलवोत, ‘शुद्ध’ जातींनी एकमेकींकडून उसनवारी केलेली होती.

आता मागच्या आठवड्याच्या प्रश्नाकडे परत जाऊ. आपल्या नैयायिकांना ही अडचण अगदीच ठाऊक नव्हती असं नाही. प्रत्येक सामान्य कल्पना म्हणजे जाती नव्हे, असं ते बजावतात. उदयनाचार्यांनी जाती ठरायला आड येणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या, त्यांत एक आहे ‘संकर’. तिथला संकर म्हणजे पैदाशीतला नव्हे. दोन धर्म एकमेकांना छेदत असतील, तर ते दोन्ही जाती ठरत नाहीत. काही लक्कांना तुरा असतो, काहींना नसतो. तुरेवाल्यांतही काही लक्का, काही इतर. अशांना शास्त्र म्हणतं, ही जाती नाही, ही उपाधी आहे; काही अटींवर उभं असलेलं लक्षण. तर माझ्या श्रोत्याला माझं उत्तर असं: ढाबळीत जी बनताना दिसते ती उपाधी. अट एकच, जाळी. जाळी काढा, चार-दोन पिढ्यांत पट्टे परत येतील.

आणि आता जरा जपून बोलायचं आहे, कारण मराठीत ‘जात’ हा शब्द कबुतरालाही लावतात आणि माणसालाही. डार्विनच्या सावत्र आत्याचा मुलगा फ्रान्सिस गाल्टन. त्याने 1883 मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द काढला. त्याचं म्हणणं असं, की माणसांचीही निवड करून पैदास सुधारावी. ढाबळीतून त्याने हा धडा घेतला तो चुकीचा होता, आणि विसाव्या शतकाने त्याची किंमत मोजली.

दुसरा धडा आपल्या माणसाने घेतला, आणि तोही ढाबळीत न जाता. 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यांचा मुद्दा असा की इथली माणसं आधीच मिसळलेली आहेत. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या कुंपणामुळे. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या रूढी ते कुंपण शाबूत ठेवण्याचे उपाय आहेत, असं त्यांनी दाखवलं. पुढे 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातीला आनुवंशशास्त्राचा आधार देणाऱ्यांनाही त्यांनी उत्तर दिलं. माणसं म्हणजे कबुतरांच्या जाती नव्हेत. लक्का आणि पाउटर यांच्यात दिसतो तसला फरक माणसांच्या जातींत नाहीच. दोन्हींकडे सारखी आहे ती फक्त जाळी. आणि जाळी कोणीतरी लावलेली असते.

या जाळीची किंमतही असते. आखूड चोचीच्या टंबलर जातीत चोच इतकी आखूड केली गेली की कितीतरी पिल्लं अंड्यातच मरतात, कारण कवच फोडायला चोच पुरत नाही. पाळणाऱ्याला अंडं हाताने फोडून पिल्लू बाहेर काढावं लागतं. हे करणारी माणसं क्रूर नव्हती, कबुतरांवर जीव टाकणारी होती. बादशहाने याला इश्क म्हटलं ते खोटं नाही. पण प्रेम पिल्लावर आहे की चोचीच्या मापावर, हे अधूनमधून तपासावं लागतं. आणि आंबेडकरांचा निबंध वाचताना लक्षात येतं की माणसांच्या कुंपणाची किंमतही ते बांधणाऱ्यांनी दिली नाही. ती बायकांनी दिली, मुलींनी दिली.

मामांच्या त्या मिश्र पिल्लांचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. शेजारच्या एका हौशी माणसाने सांगितलं होतं, काढून टाका, ढाबळ बिघडेल. मामांनी काढली नाहीत. अर्धवट शेपटीची ती दोन कबुतरं थव्यात सगळ्यांत उंच जायची. लक्काला पिसाऱ्याच्या ओझ्याने धड उडता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जिन्यात गाठू नका, इथेच विचारा.