घरातली शांतता कुणाच्या वाट्याला?

आमच्या रेडिओची खोली तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिली आहे. सिमेंटच्या चार भिंती, वर पत्रा आणि शेजारी पिठाची गिरणी. पहिल्या दिवशी आम्ही ओव्या रेकॉर्ड केल्या, तर विहिरीत उतरून गायल्यासारख्या घुमल्या. मग प्रत्येकीने घरून एक गोधडी आणली. खुंट्या ठोकून त्या भिंतींवर टांगल्या. घुमणं थांबलं, गिरणी मात्र तशीच ऐकू येत राहिली. गोधडीने एक काम केलं, दुसरं केलं नाही. असं का, हे शोधताना आम्हाला एक इतिहास सापडला. आज तोच सांगणार आहोत.

गोष्ट १८९५ सालची. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात व्याख्यानासाठी नवी खोली बांधली होती. तिथे बोललेला शब्द पाच सेकंदांहून जास्त घुमायचा. पहिला शब्द विरायच्या आत पुढचे दहा-बारा शब्द त्यावर येऊन पडत. यावर उपाय शोधायचं काम वॉलेस सेबिन नावाच्या तरुण शिक्षकाकडे आलं. रात्री सगळीकडे सामसूम झाली की तो जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या त्या खोलीत आणायचा, बाजाची एक नळी वाजवायचा आणि आवाज किती वेळात विरतो ते घड्याळात पाहायचा. गाद्या वाढल्या की घुमणं कमी. अंगावरच्या कपड्यांनीसुद्धा फरक पडतो हे कळल्यावर तो दर वेळी तेच कपडे घालून मोजू लागला.

सेबिनने आणखी एक गोष्ट ताडली. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणजे घुमणं कमी करायला उघडी खिडकी गादीपेक्षाही सरस. पण त्याच खिडकीतून गिरणी आत येते. इथे आमचं कोडं सुटलं. आतला आवाज घुमू नये यासाठी मऊ वस्तू लागते. बाहेरचा आवाज आत येऊ नये यासाठी जड वस्तू लागते आणि फट असून चालत नाही. ही दोन कामं वेगळी आहेत.

आता आपल्या आजीचं घर आठवा. दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडावर माती घातलेलं माळवद, लहान खिडक्या, जाड फळ्यांचं दार. माजघरात बाळ झोपलेलं असलं तरी अंगणातल्या कांडणाने ते दचकायचं नाही. ती भिंत कुणी आवाजासाठी बांधली नव्हती, ऊन-थंडीसाठी बांधली होती. पण जड भिंतीने दोन्ही कामं केली. आत सारवलेली जमीन, धान्याची पोती, गोधड्यांची चवड, म्हणून घुमणंही कमी. पुढे आपण सिमेंट आणि पत्रा आणला. घर पक्कं झालं, सारवणाचं काम सुटलं, ते चांगलंच झालं. पण पातळ पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजतो आणि गुळगुळीत भिंतीवरून टीव्हीचा आवाज उड्या मारतो.

पैसा ओतला की शांतता मिळते, असंही नाही. लंडनमध्ये थॉमस कार्लाइल नावाचा मोठा लेखक राहत होता. शेजारचे कोंबडे, पियानो, रस्त्यावरचे फेरीवाले यांनी तो हैराण झाला. १८५३ साली त्याने घराच्या अगदी वर, दुहेरी भिंतींची, छतात खिडकी असलेली खोली बांधून घेतली. घरात गवंडी-सुतारांचा राडा सांभाळला त्याची बायको जेन हिने. कोंबड्यांसाठी शेजाऱ्यांशी बोलणी केली तीही तिनेच. एवढं करून खोली फसली. खाली जे दूरचे आवाज पोचत नव्हते, ते वर ऐकू येऊ लागले. शिवाय उन्हाळ्यात ती तापे, थंडीत गारठे. बारा वर्षांनी तो खाली आला आणि ती खोली मोलकरणीला झोपायला मिळाली. त्या घरात जेनसाठी मात्र कुणी दुहेरी भिंत बांधली नाही.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. डॉ. ज्युलिया बार्नेट राइस यांचं घर नदीकाठी होतं. पतीला बुद्धिबळाचा नाद, त्यासाठी घराखाली खडकात आवाज न पोचणारी खोली कोरलेली. ज्युलियाबाईही तशा खोलीत जाऊन बसू शकल्या असत्या. त्या बाहेर पडल्या. नदीतल्या बोटी रात्रभर विनाकारण शिट्ट्या फुंकत होत्या. त्यांनी कॉलेजच्या मुलांना काठावर बसवून शिट्ट्या मोजायला लावल्या. एका रात्रीत सुमारे ३,००० भरल्या. नदीकाठच्या दवाखान्यांतल्या रोग्यांना किती त्रास होतो, याची साक्षही त्यांनी गोळा केली. १९०६ साली विनाकारण होणाऱ्या गोंगाटाविरुद्ध संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी अशा शिट्ट्यांवर बंधन घालणारा कायदा झाला. भिंतीने झालं नसतं ते मोजणीने झालं.

हा इतिहास आम्हाला का लागला, तेही सांगतो. आमच्यातल्या एकीची मुलगी बारावीला होती. रात्री न्हाणीचं दार लावून, पाटावर बसून वाचायची. बाहेरच्या खोलीत टीव्ही, आणि तो बंद करायला सांगायची कुणाची छाती नाही. एका बैठकीत तिची आई हे बोलली आणि आम्ही गप्प झालो. कारण प्रत्येकीच्या घरात हेच. पुरुष झोपले की पोरं गप्प, बाई झोपली की भांडी वाजतात.

आम्ही तिच्या घरी गेलो. लोखंडी कपाट आणि धान्याची पोती टीव्हीकडच्या भिंतीला लावली, म्हणजे जड काम झालं. दाराच्या चौकटीला जुन्या सायकलट्यूबच्या पट्ट्या मारल्या, उंबऱ्याशी जुन्या साडीची वळकटी ठेवली, म्हणजे फट बुजली. दारावर दुहेरी गोधडी टांगली. टीव्ही पुरता थांबला नाही, पण शब्द कळेनासे झाले आणि वाचनात लक्ष लागू लागलं. अंड्यांचे ट्रे लावा असंही कुणी सांगितलं होतं. आम्ही लावले नाहीत. ते हलके असतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत आणि कागदाचे असतील तर चटकन पेट घेतात. आणि एक ध्यानात ठेवा, चूल किंवा शेगडी पेटते त्या खोलीच्या फटी कधीही बुजवू नका.

पण लग्नाच्या वरातीतला डीजे गोधडीला जुमानत नाही. तिथे ज्युलियाबाईंची वाट धरावी लागते. आपल्या देशात २००० सालापासून नियम आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. तक्रार एकटीने केली की घरावर राग निघतो. गटाने केली, तारीख आणि वेळ लिहून ठेवली, तर ती ऐकावी लागते.

आणि घरातल्या टीव्हीसाठी पोलीस येणार नाहीत. तिथे बोलावं आपल्यालाच लागेल. त्या मुलीच्या घरी आता रात्री ८ ते १० टीव्ही बंद असतो. गोधडी टांगताना तिचे वडील दारात उभे होते. खुंटी ठोकायला हातोडी त्यांनीच आणून दिली. तिथूनच बोलणं सुरू झालं.