उतारवयातील व्यायाम : एका जिन्याची हकीकत

कामगाराचे काम हाच त्याचा व्यायाम, असे आम्ही गेट-सभांतून वर्षानुवर्षे सांगत आलो. आमचे स्वतःचे आयुष्य मात्र युनियनच्या कचेरीतील खुर्चीत आणि बैठकांच्या चहात गेले. पन्नाशी उलटली, जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा हा विषय धुंडाळावासा वाटला. पाहतो तो त्याचा आरंभ कामगारांपासूनच!

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी वाहतूक कामगारांच्या आजारांच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवरचे, एकाच थरातले. फरक इतकाच की ड्रायव्हर पाळीभर बसून, तर कंडक्टर दुमजली बसच्या जिन्याच्या दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : हृदयविकार कंडक्टरांत कमी, आणि झालाच तर उशिरा व सौम्य. हिंडणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे कारकून यांच्यातही तोच भेद दिसला. पण मुळात स्थूल माणसेच ड्रायव्हर होत असली तर? मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची मापे काढली. तरुण ड्रायव्हरांचीही कंबर मोठी निघाली! आपल्याच सिद्धान्ताला अडचणीचा हा पुरावा त्यांनी १९५६ साली आपण होऊन छापला. आम्हा चळवळीतल्या माणसांना हे सहसा जमत नाही.

तरीही आमचा प्रश्न उरलाच. जन्मभर बसून राहिलेल्याने उशिरा सुरुवात केली तर? याचा शोध अमेरिकेत डॉ. राल्फ पॅफेनबार्गर यांनी घेतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांचा अभ्यास त्यांनी केलाच होता. पुढे हार्वर्ड विद्यापीठाचे हजारो माजी विद्यार्थी त्यांनी पाहिले. कॉलेजात मैदान गाजवून नंतर स्वस्थ बसलेल्यांना जुन्या पुण्याईचा लाभ मिळाला नाही. आमच्या तालमीच्या गप्पा तेथेच संपल्या! उलट, आधी न खेळणाऱ्या ज्यांनी साधारण जोरकस खेळ पुढे सुरू केला, त्यांच्यात मृत्यूचा धोका तसेच राहिलेल्यांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी आढळला. हा निष्कर्ष १९९३ सालचा. मंडळी १९७७ साली ४५ ते ८४ वर्षांची होती. खुद्द पॅफेनबार्गर पंचेचाळिशीत धावू लागले आणि पुढे मॅरेथॉन शर्यती धावले.

अर्थात हे सारे शिकलेसवरलेले पुरुष. त्यांत एकही स्त्री नाही. शिवाय ज्याची प्रकृती बरी तोच खेळायला उतरतो, ही शंकाही राहते. तरी आम्ही पहाटे चालू लागलो, आणि हे आकडे एका जुन्या सभासदाला उत्साहाने सांगितले.

तो म्हणाला, "भाऊ, त्या हार्वर्डवाल्यांना रातपाळी नव्हती."

यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. इतकी मागणीपत्रके आम्ही लिहिली. चालण्यापुरती सवड त्यांतल्या एकातही मागितलेली नाही.