ऋण आयनांचे स्रोत : एका दुर्बल बंधाचा इतिहास

1955 साली जिनिव्हा येथील अणुपरिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी दोन दशकांत संमीलन-ऊर्जा मानवाच्या नियंत्रणाखाली येईल, असे भाकीत केले. ते खरे ठरले नाही. त्याच्या अनेक कारणांपैकी एक तापविण्याचे होय. आयनद्रायू (प्लाझ्मा) जसजसा तापतो तसतसा त्याचा विद्युत्‌रोध घटतो. त्यामुळे केवळ विद्युत्‌प्रवाहाने त्यास इष्ट तापमानास नेता येत नाही. बाहेरून वेगवान अणूंचा झोत सोडावा लागतो. हा झोत भाररहित असला पाहिजे, अन्यथा चुंबकक्षेत्र त्यास वळविते. परंतु त्यास वेग देण्यासाठी भार हवाच.

प्रारंभी धन आयनांना वेग देऊन मग त्यांना वायूतून नेत व उदासीन करीत. मोठ्या यंत्रांना लागणाऱ्या ऊर्जेस ही रीत जवळजवळ निष्फळ ठरते. ऋण आयनावरील जादा इलेक्ट्रॉन मात्र अवघ्या 0.75 इलेक्ट्रॉन-व्होल्टने बांधलेला असतो. म्हणून दहा लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टलाही सुमारे 60 टक्के आयन उदासीन होऊ शकतात. तथापि याच दुर्बल बंधामुळे ते स्रोतातच नाश पावतात. (फॅरडेने 1834 साली रूढ केलेल्या ग्रीक 'आयन' शब्दाचा अर्थ 'जाणारा'. त्याचे मूळ आणि 'उत्तरायण' शब्दातील 'अयन' यांचे मूळ एकच. येथे ते नाव फारच यथार्थ आहे.)

या इतिहासात यंत्रांच्या आकारमानाचेच कौतुक अधिक होते. वस्तुतः खरे वळण एका अल्पशा द्रव्याने दिले. 1971 साली नोवोसिबिर्स्क येथे दुद्निकोव्ह यांना आढळले की, विद्युत्‌विसर्जनात किंचित सिझियम मिसळल्यास ऋण आयनांचे उत्पादन कित्येक पटींनी वाढते. सिझियमचा थर धातूच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटणे सुलभ करतो. तेथील संशोधकांचे लक्ष संमीलनाकडे नव्हे, तर कणत्वरकांकडे होते. 1977 च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्थ बाकाल यांनी आयनद्रायूच्या अंतर्भागातही ऋण आयन अपेक्षेहून पुष्कळ अधिक निर्माण होतात असे दाखविले. पण मोठ्या झोतांसाठी सिझियमचाच मार्ग पुढे टिकला.

जपानच्या जेटी-60यू यंत्रावर 1996 पासून असे झोत वापरले गेले. तेथील स्रोतांतील तंतू झिजत व बदलावे लागत. जर्मनीतील गार्खिंगच्या संशोधकांनी तंतूंऐवजी रेडिओ-लहरी वापरल्या. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या 'इटर' या आंतरराष्ट्रीय यंत्रासाठी 2007 मध्ये हीच रीत स्वीकारण्यात आली. सुमारे एक मीटर रुंद व दोन मीटर उंच स्रोत, 1,280 छिद्रे, 40 अँपियर, आणि हे सारे एक तासभर, अशी ही अपेक्षा आहे. दोन झोतांची मिळून शक्ती 33 मेगावॅट. बीड जिल्ह्यातील दिंद्रुडच्या वाचकास हे प्रमाण परळीवरून उमगेल : तेथील औष्णिक केंद्राचा 1971 मधील पहिला संच 30 मेगावॅटचा होता.

आकार वाढला तशी अडचण पालटली. छोट्या स्रोतात सिझियमचा थर सांभाळणे जमते. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर तो तासभर एकसारखा राखणे कठीण. थर बिघडला की आयनांबरोबर इलेक्ट्रॉनही ओढले जातात व जाळ्या तापतात. झोताची एकरूपता तर 90 टक्क्यांहून अधिक हवी. गार्खिंगच्या अर्ध्या आकाराच्या 'एलिसे'वर 2013 पासून आणि पादुआच्या पूर्णाकार 'स्पायडर'वर 2018 पासून मुख्यतः याच प्रश्नाशी झुंज चालू आहे.

भारताच्या वाट्यास इटरचा निदान-झोत आला आहे : 60 अँपियर, एक लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तो तापविण्यासाठी नसून संमीलनातून उरणाऱ्या हेलियमचे प्रमाण मोजण्यासाठी आहे. त्याच्या पूर्वतयारीसाठी गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत गार्खिंगच्या धर्तीवर 'रॉबिन' हा लहान स्रोत उभारण्यात आला, आणि तेथील अभ्यासाचा मोठा भागही सिझियमच्या थरानेच व्यापला.